करगोट्याची चावी आणि आय-२९ : प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

काल नारळी पौर्णिमा आणि आज राखी, त्यामुळे कालपासून लालबागला आजीकडेच होते. आजी दरवर्षी नारळी पौर्णिमेला एका चावीचा काळा दोरा बदलते, हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून बघतेय, पण कसली चावी हे कधी नीट विचारलंच नव्हतं, काल विचारलं. चावी तिच्या वडिलांची. ती त्यांना दादा म्हणायची म्हणून मी पण इथे दादाच लिहिणार. दादा बोटीवर आगवाला होते, आगवाला म्हणजे खाली इंजनात बॉयलरची आग सांभाळणारा. गाव गुहागरच्या बाजूला, काम मुंबईत, आणि बोट एसएस तिलावा.

चावी पितळेची, माझ्या करंगळीएवढी, दोनच दाते, आणि वरची कडी दोऱ्याने घासून घासून एका बाजूला इतकी झिजलीय की तिथे कागदासारखी पातळ लागते. दादांच्या करगोट्याला असायची, त्यांच्या पेटीची चावी. पेटी बोटीबरोबर गेली आणि चावी कमरेला होती म्हणून घरी आली.

तिलावाबद्दल जे आज पक्कं केलं ते लिहून ठेवते. ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट, १९२४ ची बांधणी, दहा हजार टनांची. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून निघाली, मोंबासा करून पुढे डर्बनला जाणार होती. वर ९५८ माणसं, त्यातले ७३२ प्रवासी, बहुतेक भारतीय, आफ्रिकेत दुकानं नोकऱ्या असलेली कुटुंबं, बायकापोरांसकट. २३ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर सेशेल्सच्या ईशान्येला ९३० मैलांवर जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. लोक लाइफबोटींत उतरले, पण बोट लगेच बुडेना म्हणून काहीजण परत वर चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० गेले, २५२ प्रवासी आणि २८ खलाशी. वाचलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांना एचएमएस बर्मिंगहॅम ह्या युद्धनौकेने उचललं, थोडेजण कार्थेज नावाच्या बोटीला सापडले. बर्मिंगहॅम २७ ला मुंबईत परत आली, त्यात दादा होते.

आजी ८७ ची आहे. हे सगळं आत्ता लिहून घेतलं नाही तर परत होणार नाही, म्हणून आजपासून नोंदी. एक शीट उघडलंय, कॉलम तीन: माणूस, वस्तू, आता कुठे आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून आजीसमोर बसले तर ती पदर सारखा करून मुलाखतीसारखी बोलायला लागली, मग फोन उशीखाली सरकवला आणि वाल सोलायला घेतले, मग नीट बोलली.

१९४२ ला ती चार वर्षांची. तिची दादांची पहिली आठवणच ती आहे, दादा दारात उभे, अंगात कुठल्यातरी गोऱ्या शिपायाची पँट, खाली चारदा दुमडलेली आणि कमरेला सुतळीने बांधलेली, आणि आई आत यायला सांगायचं सोडून नुसती बघत बसलेली. ती पँट नंतर बरीच वर्षं घरात होती, शेवटी तिची पोतेरी झाली. पँटची पोतेरी झाली ह्याचं मला आज इतकं वाईट वाटलं, आजीला काहीच नाही, कापड होतं ते बाय, कापड वापरायचं असतं, म्हणाली.

मग पेटीत काय होतं ते विचारलं. हे तिला आईकडून माहीत, आणि ती ते एका दमात म्हणते, पाठ असल्यासारखं: घोंगडी, सुकट, आमसुलं, पितळी तांब्या, दाढीचं सामान, आणि आईचा फोटो. हा फोटो गिरगावात स्टुडिओत जाऊन काढलेला, आईचा आयुष्यातला एकुलता एक, दादा प्रत्येक फेरीला बरोबर न्यायचे. आजी सात वर्षांची असताना आई तापाने गेली. "आईचं तोंड आठवायला गेले की मला मावशीच दिसते," एवढं म्हणाली आणि वाल सोलत राहिली. मी पण काही बोलले नाही.

चावी टाकून का नाही दिली म्हणून कोणी विचारलं की दादा म्हणायचे, "पेटीला कुलूप लावलेलं आहे, जाते कुठे ती."

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काही काम झालं नाही, होणारही नव्हतं. पण गावाहून आलेल्या चुलतकाकांनी दादांची सीडीसी आणली, ट्रंकेत सापडली म्हणे. सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, कुठल्या बोटीवर कधी चढला कधी उतरला त्याचा हिशोब. हे दुसरं पुस्तक, १९४३ चं, पहिलं बोटीवरच गेलं. आत डाव्या अंगठ्याचा ठसा आणि फोटो. दादांचा तिशीतला चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, कान माझ्या भावासारखे बाहेर आलेले. अंगठ्याच्या ठशात मधोमध एक आडवी रेघ आहे, भाजल्याची किंवा कापल्याची असणार.

गावाचं नाव कारकुनाने इंग्रजीत इतकं वेडंवाकडं लिहिलंय की डोळ्यांनी वाचून कळतच नाही, मोठ्याने वाचलं की कळतं. ही युक्ती पुढे फार उपयोगी पडणार आहे.

१३ सप्टेंबर, दुसरा शनिवार

बँकेला सुट्टी म्हणून मशीद बंदरला इंडियन सेलर्स होमला जाऊन आले. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, हातगाड्या आणि ट्रक चुकवत बंदराच्या बाजूला चालत जायचं. इतकी वर्षं हार्बरने जातेय आणि त्या इमारतीत आपल्याच खलाशांचं युद्धस्मारक आहे हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या महायुद्धातली दोन हजारांवर नावं आहेत आणि दुसऱ्या महायुद्धातली सहा हजारांच्या आसपास, ही दुसऱ्या युद्धाची नावं पुस्तकात लिहिलेली आहेत आणि तसंच दुसरं पुस्तक चट्टग्रामला आहे, कारण खलाशी तिकडचे पण तेवढेच होते. एकाच कंपनीच्या बोटींवर मरून आता दोन देशांत दोन पुस्तकं.

दादा वाचले म्हणून त्यांचं नाव तिथे नाही. मी गेले होते ते २८ जणांसाठी. त्यांच्याबरोबर खाली इंजनात उभे असणारे, आगवाले, तेलवाले, कोळसेवाले, वरचे सारंग म्हणजे खलाशांचा मुख्य, टिंडल म्हणजे त्याच्या हाताखालचा, सुकाणी म्हणजे सुकाणू धरणारा, आणि भंडारी. भंडारी म्हणजे इथे जात नाही, खलाशांचा स्वयंपाकी. हे शब्द आजीच्या तोंडात अजून आहेत, माझ्या पिढीत कोणालाच नाहीत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत पण ही नावं शोधता येतात. माणसाच्या नावापुढे हुद्दा आणि बोटीचं नाव असतं, कुठेकुठे बापाचं नाव आणि गाव. रात्री एक वाजेपर्यंत नावं मोठ्याने वाचत बसले, घरच्यांना वाटलं फोनवर बोलतेय. एकेक गाव असं उलगडतं, आधी नुसता अक्षरांचा गुंता आणि मग एकदम आपल्या ओळखीचं बंदर. शीटमध्ये ह्या माणसांच्या पुढे वस्तूचा कॉलम सध्या रिकामाच आहे. त्यांची कुटुंबं सापडली तरच तो भरणार.

२८ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद लिहायला मला जड जातंय पण लिहिते.

तिलावाला बुडवणाऱ्या पाणबुडीचा नंबर आय-२९. योकोसुकाला बांधलेली, फेब्रुवारी १९४२ मध्ये नौदलात आली, साधारण शंभर माणसं आणि वर एक छोटं घडीचं विमान नेणारी, लांबी १०८ मीटर, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलच्या निम्म्याहून थोडी कमी. कप्तान इझु जुइची. मी ह्या पाणबुडीचं पुढे काय झालं एवढंच बघायला गेले होते, बुडाली असेल तर कधी, एवढंच.

तर एप्रिल १९४३. तिलावानंतर पाचच महिने. नेताजी ९ फेब्रुवारीला जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० ह्या जर्मन पाणबुडीत बसून निघाले होते, बरोबर फक्त आबिद हसन, तेच ज्यांनी जय हिंद दिलं. मादागास्करजवळ भर समुद्रात त्यांना जपानी पाणबुडीत बदली करायची होती. समुद्र खवळलेला, म्हणून थांबावं लागलं, शेवटी २८ एप्रिलला रबरी होडीत बसून, भिजत, ते दोघं ह्या पाणबुडीतून त्या पाणबुडीत गेले. ती पाणबुडी आय-२९. कप्तान तोच, इझु. वर तुकडीचे प्रमुख तेराओका होते. मे महिन्यात त्यांनी नेताजींना सुमात्राच्या टोकाशी सबांगला सुखरूप उतरवलं.

हे वाचलं तेव्हा मी आजीकडेच होते, आणि समोरच्या भिंतीवर आजोबांनी लावलेली नेताजींची तसबीर होती, गणवेशातली, दरवर्षी २३ जानेवारीला हार घालतात ती. आजोबा मिलमध्ये होते, सगळ्या चाळीत ह्या तसबिरीचा मान. मी मोबाइल पालथा ठेवून चहा करायला उठले.

आणि फोटो आहे. आय-२९ च्या माणसांबरोबर नेताजींचा. नेताजी पुढे बसलेत आणि मागे पाणबुडीवाले दाटीवाटीने. मी तो मोठा करून एकेक चेहरा बघितला. पाच महिन्यांत सगळी माणसं काही बदलत नाहीत, म्हणजे ह्यातल्या बऱ्याच जणांनी २३ नोव्हेंबरच्या रात्री तिलावावर टॉर्पेडो सोडताना कुठे ना कुठे हात लावलेला असणार, आणि तेच हात नंतर नेताजींना होडीतून वर ओढायला पुढे आले असणार. मी रागावू का काय करू मला कळेना. मागच्या रांगेतला एकजण तर इतका लहान दिसतो की त्याने दाढी केली असेल का असं वाटतं.

शीटमध्ये दुसरं पान उघडलं. नाव दिलं आय-२९. कॉलम तेच तीन.

५ ऑक्टोबर, रविवार

ऑफिसमधली मैत्रीण गेली चार वर्षं जपानी शिकतेय, तिला घरी बोलावून थालीपीठ खायला घातलं आणि कामाला लावलं. जपानच्या सरकारी अभिलेखागाराचा जुन्या युद्धकागदांचा संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो, स्कॅन केलेले हाती लिहिलेले कागद. अडचण अशी की एकच चिनी अक्षर नावात चार प्रकारे वाचलं जाऊ शकतं, त्यामुळे नाव समोर दिसत असून ते म्हणायचं कसं हे त्यांच्या घरच्यांशिवाय सांगता येत नाही. आमच्या कारकुनाचं बरोबर उलटं. तिथे मोठ्याने वाचलं की कळतं, इथे कळतं पण मोठ्याने वाचता येत नाही. एका तासात आम्ही एक ओळ पुढे सरकलो.

आय-२९ चा शेवट पक्का झाला. मार्च १९४४ मध्ये ती थेट फ्रान्सच्या लोरियां बंदरात जाऊन आली, रबर वगैरे घेऊन गेली, येताना जर्मन जेट विमानांचे आराखडे घेऊन आली. तोवर कप्तान बदलला होता, किनाशी ताकाकाझु, म्हणजे आधी आय-१९ वर असताना अमेरिकेची वास्प ही विमानवाहू नौका ज्याने बुडवली तो. जुलैत सिंगापूरला पोचली, घरी जपानला जायला निघाली, आणि २६ जुलै १९४४ ला लुझॉनच्या सामुद्रधुनीत अमेरिकन पाणबुडी सॉफिशने तिला टॉर्पेडोच मारले. एकच माणूस पोहत बेटाला लागला आणि वाचला. नेताजींना आणणारी जर्मन यू-१८० पण त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ गेली, ५६ च्या ५६.

वस्तूंचं विचारलं तेव्हा मैत्रिणीने मला सेन्निनबारी सांगितली. जपानी शिपाई लढाईला निघाला की त्याची आई नाहीतर बायको रस्त्यावर कापडाचा पट्टा घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायकांना एकेक टाका घालायला सांगायची, लाल दोऱ्याचे हजार टाके, हजार बायकांचे. हा पट्टा तो कमरेला बांधायचा, म्हणजे जीव वाचेल. आणि पुष्कळजण निघताना आपले केस आणि नखं कागदात बांधून घरी ठेवून जायचे, शरीर परत आलं नाही तर पुरायला काहीतरी असावं म्हणून.

कमरेला. मी तिला चावीचा फोटो दाखवला, ती बराच वेळ बघत राहिली, मग तिने कडीची झिजलेली बाजू बोटाने मोठी करून बघितली.

१२ ऑक्टोबर, रविवार

एका सरकारी कचेरीत खलाशांच्या जुन्या भरती रजिस्टरांसाठी तिसऱ्यांदा जाऊन आले. तिसऱ्यांदा वेगळ्या टेबलावर पाठवलं, आणि तिथल्यांनी विचारलं, वाचलेल्या माणसाची माहिती कशाला पाहिजे, क्लेम आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला.

तिलावावर दक्षिण आफ्रिकेसाठी चांदी पण होती, २,३६४ लगडी. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोल समुद्राच्या तळावरून त्या वर काढल्या, मग कोणाच्या ह्यावरून ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. लगड न् लगड मोजलेली. त्याच ढिगाऱ्यात कुठेतरी एक कुलूप लावलेली पेटी आहे, आणि इथे एका बाईला आपल्या आईचा चेहरा आठवत नाही. मला चांदीच्या लोकांचा राग नाही, पण अडीच किलोमीटर खाली हात पोचतो हे कळल्यापासून मला रात्री ती पेटीच दिसते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आजीला सांगितलं. सांगायचं की नाही ह्यावर बाबा आणि मी आठवडाभर बोललो, बाबांचं म्हणणं होतं कशाला ह्या वयात, पण तिच्याच वडिलांची गोष्ट तिच्यापासून लपवायची हे मला पटेना. ओवाळून झालं, फराळ झाला, सगळी पोरं खाली फटाके उडवायला गेली, मग मोठी प्रिंट काढून आणलेला तो फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं नीट सांगितलं, नोव्हेंबर, मग एप्रिल, मग जुलै.

तिने आधी नेताजींना ओळखलं आणि फोटोला हात लावून कपाळाला लावला. मग चष्मा पुसून मागच्या रांगा बघितल्या.

"ही तर पोरं आहेत गो."

मग विचारलं, "शेवटी किती वाचले म्हणालीस?"

"एक."

"तो पण कोणाची तरी पँट घालूनच गेला असेल घरी."

मला वाटलं झालं, तिने मनाला लावून घेतलं नाही. पण थोड्या वेळाने फोटो उलटा करून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "त्यांचा फोटो राहिला बघ. माझ्या आईचा नाही राहिला." आणि आत जाऊन पडली. संध्याकाळी जेवली नाही. नेताजींच्या तसबिरीपुढचा दिवा मात्र रोजच्या वेळेला लावला. बाबा माझ्याशी रात्रभर बोलले नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

आजीचा स्वतःहून फोन आला. फोटो परत आण म्हणाली. दिला. तो आता तिच्या कपाटात साड्यांच्या घडीत आहे, भिंतीवर नको म्हणाली, पण असू दे.

मैत्रिणीने आतापर्यंत थोडीच नावं खात्रीने वाचलीत. खात्री नाही ती मी शीटमध्ये घेत नाही, कोणाच्या मुलाला चुकीच्या नावाने हाक मारण्यापेक्षा थांबलेलं बरं. इकडे २८ पैकी जे जुळले त्यांतल्या एका गावातल्या पोस्टमास्तरांना पत्र टाकलंय, घरचे कोणी असतील तर निरोप पोचवा म्हणून. गावात अजून पत्रच जास्त चालतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

त्र्याऐंशी वर्षं झाली. पहाटे आजीला टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर नेलं, बाबा पण आले. मासळीच्या होड्या लागत होत्या, बर्फ फोडायचा आवाज, सगळीकडे ओलं, आजीला धरून धरून कडेपर्यंत नेलं. तिने नारळ सोडला, फोडला नाही, सबंध सोडला. चावी हातात घट्ट धरून होती, एक क्षण मला भीती वाटली की ती पण टाकते की काय.

घरी येऊन तिने दिवा लावला आणि मला म्हणाली, वाच. आधी तिलावाची जुळलेली नावं वाचली, हुद्द्यासकट, गावासकट. एका गावाचा उच्चार तिने सुधारला. मग तिने मान हलवून पुढचं पान दाखवलं, म्हणजे त्यांची पण. ती वाचली, अडखळत, मैत्रिणीने देवनागरीत लिहून दिली होती तशी. दोन मिनिटांचं काम. शीट बंद करायला लागले.

"बाय, कप्तान राहिला."

मी मुद्दाम सोडला होता. त्याचं नाव आमच्या घरात, दादांच्या चावीसमोर, दिव्याच्या उजेडात मला म्हणवत नव्हतं. आजी थांबून राहिली. शेवटी वाचलं, इझु जुइची. तिने एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, नीट जमलं नाही, परत म्हणून बघितलं, आणि मग चावी गळ्यात घालून चहा टाकायला उठली.